बुगाटी आणि रंगसफेदी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नातेवाइकांचे फोन जरा कमी येतील. जुन्या गाड्यांवर माझा राग नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि जे तो जुन्या गाड्यांवर उडवतात, त्यांच्यावरही नाही. पैसा त्यांचा, गाडी त्यांची. माझं भांडण एका शब्दावरून आहे. जुनी गाडी खरवडून, तिचं अर्धं अंग फेकून, उरलेल्यावर आरशासारखा रंग चढवतात आणि त्याला 'जीर्णोद्धार' म्हणतात. मी त्याला रंगसफेदी म्हणतो.

हा रोग आपल्या ओळखीचा आहे. गावोगावी काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ असतं. सात-आठशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं. मग एक दिवस वर्गणी जमते, समिती होते, आणि देवळाला पिवळा-गुलाबी ऑइलपेंट लागतो. गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, दारात स्टीलचं रेलिंग, आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावांची भलीमोठी संगमरवरी पाटी. दगडावर काय कोरलं होतं ते रंगाखाली गेलं. ते देऊळ ज्या पाथरवटाने घडवलं त्याचं नाव आधीही नव्हतं, आताही नाही. देणगीदार मात्र कायमचे कोरले गेले. या प्रकारालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो!

आता तुम्ही म्हणाल, हिवरे बाजारच्या माणसाला बुगाटीचं काय पडलंय? पडलंय, ते पुढे येईलच. आधी बुगाटी.

एत्तोरे बुगाटी जन्माने इटालियन. कारखाना मात्र आल्सासमधल्या मॉल्सहाइम गावात, १९०९ पासून. तेव्हा तो मुलूख जर्मनीचा होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सचा झाला, आणि म्हणून बुगाटी ही फ्रेंच गाडी. १९२४ साली लिऑनच्या शर्यतीत त्याची 'टाइप ३५' उतरली आणि पुढची काही वर्षं शर्यतींच्या जगात निळ्या रंगाचा दबदबा राहिला. त्यानंतर थोरल्या मुलाच्या, जाँच्या, हाताखाली 'टाइप ५७' घडली. आठ सिलिंडर एका रांगेत, सव्वातीन लिटरचं इंजिन. १९३४ ते १९४० या काळात अशा सुमारे सातशे गाड्या झाल्या. जाँ १९३९ च्या ऑगस्टमध्ये गाडीची चाचणी घेताना गेला, वय अवघं तीस. घराण्याचा कणा तिथेच मोडला.

या टाइप ५७ मधली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'अटलांटिक'. बनल्या फक्त चार. तिच्या पाठीवरून मधोमध एक उभी शिवण जाते, रिव्हेट ठोकलेली. ती का, हे ऐकण्यासारखं आहे. आधीच्या नमुना-गाडीचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. तो धातू वेल्डिंगच्या ज्योतीने पेट घेण्याची भीती, म्हणून दोन अर्धी अंगं रिव्हेटने जोडली. पुढच्या गाड्यांचं अंग ॲल्युमिनियमचं झालं, वेल्डिंग चाललं असतं, तरी शिवण तशीच ठेवली. म्हणजे कारागिराची अडचण हीच त्या गाडीची ओळख झाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चारपैकी एक अटलांटिक १९५५ साली फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली. चालवणारा आणि त्याच्या सोबतची बाई, दोघंही ठार. गाडीचा चेंदामेंदा. ते अवशेष कुणी विकत घेतले, वर्षानुवर्षं खपून गाडी पुन्हा उभी केली, पुढे तीच दुसऱ्यांदा आणखी बारकाईने उभी केली. आज ती दिसते अप्रतिम. पण जाणकारांमध्ये तिच्यावरून वाद आहेच : हिच्यात १९३६ ची गाडी किती आणि नंतरची किती? पत्रा कोणता, सांगाडा कोणता, इंजिन कोणतं? शर्यतीत हरवलेल्या गाडीवरून वाद होत नाही एवढा या उभ्या गाडीवरून होतो.

दुसरी बुगाटी बघा. १९२५ ची 'ब्रेसिया', लहानखुरी दोन माणसांची. स्वित्झर्लंडच्या लागो माज्जोरे सरोवरात बुडालेली. असं सांगतात की जकात थकली म्हणून अधिकाऱ्यांनी ती १९३६ च्या सुमारास साखळीला बांधून पाण्यात सोडली, आणि साखळी गंजून तुटली. पन्नास मीटरहून खोल. १९६७ साली एका पाणबुड्याला ती सापडली, आणि २००९ च्या जुलैमध्ये बाहेर काढली. अर्धी बाजू गाळात रुतल्याने टिकलेली, अर्धी पार सडलेली. २०१० च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात ती दोन लाख साठ हजार युरोला गेली. पैसा मारहाणीत मेलेल्या एका तरुणाच्या नावाने काढलेल्या संस्थेला मिळाला.

घेणारे होते पीटर मुलिन, कॅलिफोर्नियाचे संग्राहक, फ्रेंच गाड्यांचे वेडे. सगळ्यांना वाटलं हे आता नवीकोरी ब्रेसिया करणार. पैशाला तोटा नव्हता. पण त्यांनी ती जशी निघाली तशी, गंजासकट, आपल्या संग्रहालयात ठेवली. मुलिन २०२३ साली गेले, संग्रहालय २०२४ साली बंद झालं, पण हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या चकचकीत गाड्यांपेक्षा मोठा वाटतो.

त्याच मुलिनकडे बुगाटीची एक 'टाइप ६४' होती, म्हणजे तिची नुसती चासी. अंग कधी चढलंच नव्हतं. त्यांनी नवं अंग करवून घेतलं, पण चासीवर बसवलं नाही, वर अधांतरी टांगलं. खालचं १९३९ चं, वरचं आमचं, मधली फट तुम्हीच बघा! आणि ती मॅग्नेशियमची हरवलेली नमुना-गाडी कॅनडातल्या एका वर्कशॉपने जुन्या चासीवर, जुन्याच पद्धतीने, मॅग्नेशियम वापरून पुन्हा घडवली. पण तिला त्यांनी पुनर्निर्मितीच म्हटलं. 'सापडली' म्हटलं नाही.

यात नवीन काही नाही. आमच्या जिल्ह्याला २०२४ साली जिचं नाव मिळालं त्या अहिल्याबाईंनी, जामखेडजवळच्या चौंडीच्या लेकीने, हेच केलं होतं. काशी विश्वनाथ, घृष्णेश्वर, किती नावं घ्यावीत. सोमनाथला १७८३ साली त्यांनी देऊळ बांधलं ते मोडलेल्या देवळावर नाही, थोडं बाजूला. मोडलेलं मोडलेलं राहिलं, नवं नवं राहिलं. पूजा सुरू झाली. मला वाटतं जीर्णोद्धार हा शब्द वापरायचा हक्क कुणाला असेल तर तो बाईंना.

आणि त्याच होळकरांच्या गादीवरचे शेवटचे राजे यशवंतराव. जन्म १९०८ चा. इंदूरला माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून १९३० ते १९३३ च्या दरम्यान बांधून घेतला. राणी संयोगिताराजे आपल्या कागलच्या. दोघांना नव्याचं विलक्षण वेड. ब्रांकूझीची शिल्पं, आणि गाड्यांच्या ताफ्यात पॅरिसजवळ बनलेली बारा सिलिंडरची इस्पानो-सुइझा, लंडनमध्ये बॉडी बांधलेली. आज ती गाडी भारतात नाही. माणिकबागेतलं सामान १९८० साली मोनॅकोत लिलावाला गेलं. राजवाड्यात करखात्याची कचेरी आहे.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक : "केवढं वैभव होतं आपलं!" दुसरी : "जनतेच्या पैशावर चैन." दोन्ही खऱ्या, आणि दोन्हीनंतर माणूस जेवायला बसतो. मला तिसरा प्रश्न पडतो. अशा गाड्या पंचवीस-तीस वर्षं माळव्याच्या धुळीत आणि आपल्या पावसात चालत्या कुणी ठेवल्या?

फ्रान्सहून भाग येणार नव्हता. आला तर सहा महिन्यांनी. आपल्या मिस्त्रीकडे पाने असायचे इंग्रजी मापाचे, आणि फ्रेंच गाडीचे नटबोल्ट मेट्रिक. पाना बसत नाही. मग कानस घेऊन पानाच घासायचा. बेअरिंगचं व्हाइट मेटल गेलं की वितळवून पुन्हा ओतायचं आणि रंधून-घासून शाफ्टला बसवायचं. फ्रेंच बॉडीचा आतला सांगाडा ॲश लाकडाचा, वर पत्रा ठोकलेला. ॲशचं आपल्या वाळवीला फार आवडतं. मग सुतार बोलवायचा आणि सागवानाचा सांगाडा घालायचा. हे सगळं नकाशा नसताना, फ्रेंच येत नसताना, अंदाजाने.

लिलावाचे कॅटलॉग वाचा. पहिला मालक, दुसरा मालक, तिसरा मालक, कुठल्या डोहाळजेवणाला गाडी नेली, कुठली नटी शेजारी बसली होती. मिस्त्री एकही नाही. जणू पन्नास वर्षं गाडी आपोआपच चालत होती!

आता घरची गोष्ट सांगतो, थोडक्यात. माझे चुलते, तात्या, हिवरे बाजारचे. ७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून जे पुण्याला गेले त्यातले. तिथे एका गॅरेजात राहिले. गॅरेजमालकाच्या ओळखीतल्या एका शेठची एक जुनी दोन-आसनी फ्रेंच गाडी होती, बुगाटी नव्हे, पण त्याच काळातली. तात्या तिला 'फरासी' म्हणायचे. तिच्या दाराचा सांगाडा वाळवीने खाल्ला होता. तात्यांनी सुताराला सोबत घेऊन बल्लारशाच्या सागाचा नवा केला. बिजागरी स्वतः लेथवर काढली, कारण मूळची बिजागरी नव्या सांगाड्याचं वजन पेलत नव्हती. ती बिजागरी तीस वर्षं चालली.

पुढे गाडी विकली गेली, नव्या मालकाने तिचा 'जीर्णोद्धार' केला. तात्यांना मी काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात घेऊन गेलो तेव्हा ती समोर उभी. लालभडक, डोळे दिपतील अशी. तात्यांनी दार उघडू का विचारलं. रखवालदार नाही म्हणाला. बाहेरूनच वाकून बघितलं आणि म्हणाले, "बदललं वाटतं." चौकशी केली तर तिथल्या माणसाने अभिमानाने सांगितलं की आतलं सगळं 'लोकल' काम काढून टाकलं आणि परदेशातून ॲश मागवून ओरिजिनल करून घेतलं. जुनं लाकूड, बिजागरी? भंगारात. फोटो? नाही. पाटीवर चार मालकांची नावं होती.

तात्या परत येताना एवढंच बोलले, "आरं, लाकडाला काय कळतंय ते फ्रान्सचं हाय का बल्लारशाचं. पर म्या घातलं व्हतं हे कुटं तरी लिवायचं."

मंडळी, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. अटलांटिकच्या पाठीवरची शिवण ही फ्रेंच कारागिराची अडचण, तिचं जगभर कौतुक. तात्यांची बिजागरी ही मराठी कारागिराची अडचण, ती भंगारात. दोन्ही अडचणींतून दोन माणसांनी डोकं चालवून वाट काढली. एकाला आपण डिझाइन म्हणतो आणि दुसऱ्याला जुगाड. हा फरक धातूत नाही, आपल्या डोक्यात आहे.

'ओरिजिनल' म्हणजे नक्की कुठल्या दिवशीची गाडी? कारखान्यातून निघाली त्या सकाळची? मग त्यानंतरचं नव्वद वर्षांचं आयुष्य काय, घाण होती? नगरला रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं, शाळेच्या सहलीत सगळेच जाऊन आलेत. समजा उद्या कुणी लढाईत गोळा लागलेल्या रणगाड्याचं भोक पुट्टीने बुजवून वर ताजा रंग दिला, आणि म्हणाला, बघा, ओरिजिनल! नगरकर त्याला सोडतील का?

आता हिवरे बाजार. आमच्या गावालाही जीर्णोद्धाराचीच गरज होती. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसं पुण्या-मुंबईला. १९८९-९० साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे : श्रमदान, समतल चर, बंधारे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाहेरून गाड्या भरून माणसं येतात, हिरवे डोंगर बघतात, फोटो काढून जातात. पण गावाचं खरं काम फोटोत येत नाही. ते वहीत आहे.

गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती मिलिमीटर पडला, विहिरींची पातळी किती, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यात कुठली पिकं बसतात. हे ग्रामसभेपुढे येतं आणि त्यावर पिकं ठरतात. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणारं पीक नाही. शेतीसाठी बोअर नाहीच. वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. म्हणून कुणी आलं आणि विचारलं, "हे खरंच सुधारलं की रंग मारलाय?" तर गाव आकडे दाखवू शकतं. आणखी एक. गावाने जुनं हिवरे बाजार जसंच्या तसं परत आणलेलं नाही. बोअरबंदी आजोबांच्या काळी कुठली, तेव्हा बोअरच नव्हते! काय जुनं ठेवलं, काय नवं आणलं आणि का, हे गावाला माहीत आहे, कारण ते चारचौघांत ठरलं आणि लिहिलं गेलं. तात्या गावी परतले ते याच काळात. 'कुटं तरी लिवायचं' ही भाषा ते ग्रामसभेत शिकले असं माझं मत आहे. ते नाकारतात.

गाडीवाल्यांच्या जगालाही हे कळत नाही असं नाही. इमारतींसाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली ट्युरिन सनद मंजूर केली. तिचं सार सोपं आहे : वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही इतिहास आहे, हात लावाल तेवढा कमी लावा, जे कराल त्याची नोंद ठेवा, आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू येऊ द्या. आपल्या सरकारनेही २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अटही आहे. चांगलंय. पण झालेल्या कामाची वही मालकाने ठेवलीच पाहिजे, असं त्यात कुठे आहे? फी घ्या, पण सोबत वहीही मागा की! वीस हजार भरणाऱ्याला दोनशे पानी वही जड नाही.

माझ्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. आमचे एक आतेभाऊ म्हणणार, "गाडी चालायला नको का? गंज कुरवाळत बसू?" चालवा ना! पिस्टन बदला, टायर बदला, ब्रेक तर बदलाच. वहीत लिहा आणि जुना पिस्टन खोक्यात ठेवा, एवढंच म्हणतोय. सरोवरातली ब्रेसिया चालणारच नव्हती, म्हणून ती तशी ठेवली. जी चालते तिला चालू द्या. दुसरा आक्षेप : "श्रीमंतांची खेळणी, आपल्याला काय?" तर ऐका. फ्रान्समध्ये म्यूलूझला श्लुम्फ नावाचे दोघे भाऊ सूतगिरणीचे मालक. गुपचूप चारशेहून जास्त गाड्या जमवल्या, त्यात शंभरावर बुगाटी. गिरण्या बुडाल्या, भाऊ स्वित्झर्लंडला पळाले, आणि १९७७ साली कामगारांनी कुलूपबंद इमारतीत शिरून बघितलं तर हा खजिना! त्यांनी दोन वर्षं तो ताब्यात ठेवला, आणि लोकांना दाखवला. पुढे १९८२ साली तिथे राष्ट्रीय संग्रहालय झालं. खेळणी श्रीमंतांची असतील, पण घाम कुणाचा हे कामगारांना एका नजरेत कळलं. आपल्याला इतकी वर्षं कळत नाही.

म्हणून मागणी साधी. गाडीचं काम काढण्याआधी फोटो. काढलेला प्रत्येक भाग, कितीही 'लोकल' असो, नाव-तारीख लावून खोक्यात. आणि पाटीवर मालकांच्या खाली मिस्त्री, सुतार, रंगारी यांची नावं, त्याच आकाराच्या अक्षरात. हे ज्याला जमत नाही त्याने खुशाल गाडी लाल करावी, पण तिला जीर्णोद्धार म्हणू नये.

आणि हे फक्त बुगाटीवाल्यांना नाही. आपल्या घरात पडवीत एखादी जुनी बजाज असेल, मळ्यात महिंद्राची जीप असेल, आजोबांचं ऑइल इंजिन असेल. ते दुरुस्त करणारा माणूस अजून हयात असेल तर या रविवारी त्याच्याकडे जा आणि काय-काय बदललं, कधी, कशाने, ते लिहून घ्या. मी तात्यांचं सुरू केलंय. सत्तेचाळीस पानं झाली, आणि ते अजून कार्बुरेटरपर्यंतच आलेत.